ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगची सरमिसळ: पुन्हा पुन्हा का होते आणि कशी थांबवायची

लक्षणं सगळीकडे सारखीच. 'कलर'मध्ये यू घातला की खाली लाल रेघ येते, म्हणून लिहिणारा यू काढून टाकतो. दोन पानांनंतर 'लेबर'मधला यू मात्र तसाच राहतो, कारण तो परिच्छेद दुसऱ्या फाइलमधून आलेला असतो आणि तिथे रेघ येतच नाही. 'सेंटर' कुठे आर-ईने संपतो, कुठे ई-आरने. फाइल दुरुस्त करून पाठवली तरी पुढच्या महिन्यात तोच प्रकार. एकेक शब्द सुधारून हा त्रास जात नाही, कारण मूळ बिघाड मजकुराला चिकटलेल्या भाषेच्या खुणेत असतो आणि ती खूण कोणी बघत नाही.

आपल्याकडे शाळेतलं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं. कायदे, सरकारी अर्ज, बँकेची कागदपत्रंही त्याच वळणाची. संगणक आणि त्यावरचे प्रोग्रॅम मात्र बहुतेक वेळा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' धरून येतात. हे अमेरिकन वळण मुख्यतः नोआ वेब्स्टरच्या कोशांनी रुजवलं, १८०६चा लहान आणि १८२८चा मोठा. दोन्ही वळणं आपापल्या घरी शुद्ध आहेत. दोष फक्त सरमिसळीचा. आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेतही दोन्ही स्पेलिंग चालतात, पण एकाच उत्तरात दोन्ही वळणं दिसली की लिहिणाऱ्याचा हात कच्चा वाटतो.

आधी निदान

वर्डमध्ये ज्या शब्दाखाली रेघ आहे त्यावर कर्सर ठेवा आणि खिडकीच्या तळाच्या पट्टीत डावीकडे बघा. तिथे त्या शब्दाची भाषा लिहिलेली असते. दिसत नसेल तर पट्टीवर राइट-क्लिक करून 'लँग्वेज'समोर खूण करा. आता कर्सर वेगवेगळ्या परिच्छेदांत नेऊन पाहा. एका ठिकाणी 'युनायटेड स्टेट्स', दुसऱ्या ठिकाणी 'इंडिया', तिसऱ्या ठिकाणी 'युनायटेड किंग्डम' असं दिसलं, तर रोग सापडला. वर्ड भाषेची खूण अख्ख्या फाइलला एकच लावत नाही, ठळक किंवा तिरप्या अक्षरांसारखी ती मजकुराच्या तुकड्या-तुकड्याला लागलेली असते. ईमेलमधून किंवा वेबसाइटवरून चिकटवलेला मजकूर स्वतःची खूण घेऊन येतो.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं आणि तेच सहसा सुटतं: कीबोर्ड. मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड बदलत टाइप करताना, इंग्रजीचा कीबोर्ड जर 'युनायटेड स्टेट्स'चा असेल तर मराठीतून परत येऊन लिहिलेलं प्रत्येक इंग्रजी वाक्य वर्ड अमेरिकन म्हणून नोंदवतो. द्विभाषिक परिपत्रकं आणि संस्थांचे वार्षिक अहवाल यांत सरमिसळ जास्त असते ती यामुळे.

दुरुस्ती, याच क्रमाने

पहिल्यांदा कीबोर्ड. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जा. 'ॲड अ लँग्वेज'मधून 'इंग्लिश, इंडिया' घ्या, यादीत ती वर सरकवा आणि 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' काढून टाका. कळा तिथल्या तिथेच राहतात, हाताला काही नवीन शिकावं लागत नाही. शिवाय या कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं.

मग फाइल. कंट्रोल-एने सगळा मजकूर निवडा. रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज. तिथे 'इंग्लिश, इंडिया' किंवा 'इंग्लिश, युनायटेड किंग्डम' निवडा. यू-वाला 'कलर' दोन्हींत बरोबर धरला जातो, फक्त पूर्ण फाइलला एकच ठेवा. खालच्या दोन चौकटी नीट बघा. 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'वरची खूण काढा, नाहीतर तपासणीच बंद राहते आणि फाइल निर्दोष असल्याचा भास होतो. 'डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली'वरचीही काढा, ती राहिली तर वर्ड पुन्हा स्वतःच्या अंदाजाने खुणा बदलत बसतो. शेवटी 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबा. हे बटण राहून गेलं की फक्त समोरची फाइल सुधारते आणि उद्याची नवी फाइल परत अमेरिकन उघडते. द्विभाषिक फाइल असेल तर कंट्रोल-ए नको, त्याने मराठी मजकुरालाही इंग्रजीची खूण लागू शकते. तिथे इंग्रजी भाग तेवढे निवडा.

कंट्रोल-ए सगळं निवडतं असं वाटतं, पण हेडर, फूटर, तळटीपा आणि टेक्स्ट बॉक्स त्यात येत नाहीत. त्या प्रत्येकात क्लिक करून पुन्हा कंट्रोल-ए आणि तीच भाषा. मुखपृष्ठावरच्या चौकटीत अमेरिकन 'प्रोग्रॅम' आणि आत सगळीकडे ब्रिटिश, हा घोळ इथूनच येतो. संस्थेचं ठरलेलं टेम्प्लेट वापरत असाल तर शीर्षकांच्या स्टाइलमध्येही भाषा दडलेली असू शकते: स्टाइलवर राइट-क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, लँग्वेज. बाहेरचा मजकूर आणताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय घ्या, म्हणजे जुनी खूण गळून पडते.

एक्सेलमध्ये टाइप करताना रेघ येत नाही. एफ-७ दाबूनच तपासावं लागतं आणि कोशाची भाषा फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंगमध्ये असते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या चौकटींना वेगवेगळी भाषा असू शकते. आउटलाइन व्ह्यूमध्ये कंट्रोल-ए करून शीर्षकं आणि मुख्य मजकूर एकदम बदलतो, सुट्या टेक्स्ट बॉक्सना हाताने बघावं लागतं. गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतच लँग्वेज आहे. फोनवर जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, सेटिंग्जमध्ये लँग्वेजेसखाली भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी जोडा. चुकीचं स्पेलिंग त्याने शिकून ठेवलं असेल तर सूचनापट्टीतला तो शब्द दाबून धरा आणि कचरापेटीच्या चित्रावर ओढा.

'ॲड टू डिक्शनरी' हे बटण घाईत दाबलेलं असतं, तेही तपासा. रेघ नकोशी झाली म्हणून कधीतरी अमेरिकन 'सेंटर' कोशात घातला गेला, तर भाषा कितीही बदला, तो शब्द कायम पास होत राहील. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज, एडिट वर्ड लिस्ट इथे यादी उघडते. नावं-आडनावं ठेवा, बाकीची जळमटं काढा.

रिप्लेस ऑल वापरू नका

भाषा बदलल्यावर रेघा योग्य जागी येतात आणि मग मोह होतो तो एका फटक्यात सगळं बदलण्याचा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. 'लेबर'मध्ये यू घालायला सांगितलं की 'लॅबोरेटरी', 'कोलॅबोरेट' आणि 'इलॅबोरेट' या तिघांच्या पोटातही यू शिरतो, कारण एल-ए-बी-ओ-आर ही पाच अक्षरं त्यांच्यातही ओळीने आहेत. 'मीटर'चा ई-आर उलटवला की 'डायमीटर', 'पॅरामीटर', 'पेरिमीटर' सगळे बिघडतात, आणि हे शब्द ब्रिटिश स्पेलिंगमध्येही ई-आरनेच संपतात. 'टायर'मध्ये आयच्या जागी वाय आणला की 'एंटायर' आणि 'रिटायरमेंट'मध्येही वाय येऊन बसतो. सेवानिवृत्तीच्या निरोपपत्रात असं स्पेलिंग गेलं तर शोभेल का?

'फाइंड होल वर्ड्स ओन्ली'वर खूण केली तर हे बरंचसं टळतं, पण मग 'लेबर'चं रूप बदललेलं 'लेबरर' किंवा 'लेबर्ड' सुटून जातं. म्हणून फाइंड नेक्स्ट आणि एकेक रिप्लेस हाच मार्ग. पन्नास पानांच्या फाइललाही तो परवडतो.

एस की झेड: इथे रेघ मदत करत नाही

भाषा ब्रिटिश केली तरी 'ऑर्गनायझेशन' एकदा एसने आणि एकदा झेडने लिहिलेलं वर्ड मुकाट चालवून घेतो. त्यात त्याची चूक नाही. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही रूपं मान्य आहेत, आणि ऑक्सफर्डची परंपरा तर झेडचीच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थाही तीच पाळतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या इंग्रजी नावात 'लेबर'ला यू आहे आणि 'ऑर्गनायझेशन'ला झेड, दोन्ही एकाच नावात. आपल्याकडे इस्रो आणि डीआरडीओच्या नावांत 'ऑर्गनायझेशन' एसने लिहितात. तेव्हा 'झेड म्हणजे अमेरिकन' हे समीकरण सोडून द्या.

काय करायचं? एक पद्धत ठरवा. भारतातल्या वाचकासाठी एस सोयीचा. मग फाइंडमध्ये आय-झेड-ई, आय-झेड-आय आणि आय-झेड-ए असे तीन शोध घ्या. वाटेत 'साइझ', 'प्राइझ', 'सीझ', 'कॅपसाइझ' आणि 'सिटिझन' भेटतील. त्यांना हात लावायचा नाही, त्यांचा झेड सगळ्या जगात झेडच आहे.

उलट काही शब्द कुठेही झेडने लिहीत नाहीत, अमेरिकेतसुद्धा: ॲडव्हर्टाइझ, ॲडव्हाइझ, सरप्राइझ, एक्सरसाइझ, सुपरव्हाइझ, कॉम्प्रोमाइझ, रिव्हाइझ, इम्प्रोव्हाइझ, एंटरप्राइझ, फ्रँचाइझ. इथला शेवट नंतर जोडलेला प्रत्यय नाही, बहुतेक ठिकाणी तो धातूचाच भाग आहे. 'सुपरव्हाइझ' आणि 'रिव्हाइझ' पाहण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेत, त्यामुळे त्यांचा एस हलत नाही. 'ॲनलाइझ' आणि 'पॅरलाइझ'ची गोष्ट तिसरीच: ब्रिटिशमध्ये वाय-एस-ई, अमेरिकनमध्ये वाय-झेड-ई, आणि ऑक्सफर्डवालेही इथे एसच लिहितात.

यू कुठे गळतो

ब्रिटिश लिहायचं म्हणून सगळीकडे यू घालणं ही उलटी चूक, आणि नेटाने शिकलेल्या लोकांकडूनच ती जास्त होते. 'ऑनर'मध्ये यू आहे, 'ऑनरेबल'मध्ये आहे, पण 'ऑनररी'मध्ये नाही. गृहनिर्माण संस्थेच्या पत्रावर मानद सचिव सही करतात तिथे 'ऑनररी सेक्रेटरी'ला यू लावलेला दिसतो. तो कोणत्याच इंग्रजीत बसत नाही. तसंच 'ह्यूमर'ला यू, 'ह्यूमरस'ला नाही. 'ग्लॅमर'ला यू, 'ग्लॅमरस'ला नाही, आणि 'ग्लॅमर'चा यू अमेरिकेतही सहसा टिकून आहे. 'लेबर'ला यू, 'लेबोरियस'ला नाही. ओ-यू-एस, ए-आर-वाय असा लॅटिन वळणाचा प्रत्यय लागला की यू जातो. फुल, एबल, हूड, आयएनजी अशा जोडांपुढे टिकतो: कलरफुल, फेव्हरेबल, नेबरहूड. एरर, मिरर, टेरर, हॉरर, डॉक्टर, ट्रॅक्टर यांत यू कुठेच नाही.

अर्थ बदलणाऱ्या जोड्या

इथे नुसतं वळण बदलत नाही. ब्रिटिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि अमेरिकनमध्ये बहुतेकदा एक. दोन्ही स्पेलिंग कोशात असल्यामुळे रेघ येत नाही.

'प्रॅक्टिस' घ्या. ब्रिटिशमध्ये नाम सीने, क्रियापद एसने. अमेरिकन दोन्हींना सी वापरतात. आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार एकच, म्हणून कानाने कळत नाही. कसोटी सोपी आहे: त्या जागी 'सल्ला' अर्थाचा शब्द ठेवून पाहा. 'ॲडव्हाइस' बसत असेल तर सी, 'ॲडव्हाइझ' बसत असेल तर एस. या जोडीत उच्चार वेगळा असल्यामुळे कान फसत नाही. वाक्याचा अर्थ विचित्र झाला तरी हरकत नाही, व्याकरण बसतं का तेवढंच बघायचं. सनदी लेखापालाचं 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' नाम आहे, म्हणून सी. 'प्रॅक्टिसिंग ॲडव्होकेट' क्रियापदापासून आलेलं, म्हणून ब्रिटिश वळणात एस. 'प्रॅक्टिकल' मात्र नेहमी सीने.

'लायसन्स'लाही हाच नियम, पण अमेरिकेत दोन्हीकडे एस. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'ड्रायव्हिंग लायसन्स' सीने आहे, कारण तो परवाना, नाम. 'लायसन्स्ड', 'लायसेन्सिंग', 'लायसेन्सर' आणि 'लायसेन्सी' हे क्रियापदापासून झालेले, म्हणून सगळीकडे एस. भाड्याच्या घराचा 'लीव्ह अँड लायसन्स' करारनामा ब्रिटिश वळणात लिहायचा तर शीर्षकात सी आणि खाली पक्षकारांच्या उल्लेखात एस, एकाच पानावर. ते विसंगत दिसतं, पण तेच शुद्ध आहे. नवखा टायपिस्ट ते 'सारखं' करायला जातो, त्याला आधीच सांगून ठेवा.

'डिफेन्स' आणि 'ऑफेन्स' ब्रिटिशमध्ये सीने. खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकादमीच्या नावात सीच आहे. पण 'डिफेन्सिव्ह' आणि 'ऑफेन्सिव्ह' दोन्ही वळणांत एसने.

'प्रोग्रॅम'ला कार्यक्रम या अर्थी ब्रिटिशमध्ये शेवटी एम-एम-ई, संगणकाचा असेल तर एकच एम. 'प्रोग्रॅमर' आणि 'प्रोग्रॅमिंग' दोन एमनेच, अमेरिकेतही. लांबीचा 'मीटर' आर-ईने. विजेचा किंवा रिक्षाचा मीटर हे यंत्र, ते ई-आरनेच. इमारतीच्या मजल्याचं 'स्टोरी' ब्रिटिशमध्ये ई-वायने संपतं, गोष्टीचं नुसत्या वायने. सात मजली इमारतीच्या जाहिरातीत ई सुटला तर ती सात गोष्टींची होते. बँकेचा 'चेक' क्यू-यू-ईने, पडताळणीचा सी-केने. 'ड्राफ्ट'मध्ये बँकेचा डिमांड ड्राफ्ट आणि मसुदा दोन्हीकडे एफने, पण आयटीआयचा 'ड्राफ्ट्समन' हा ट्रेड जी-एचने लिहितात.

माल निर्यात करणाऱ्यांनी 'टन'कडे जास्त लक्ष द्यावं, तिथे प्रश्न पैशाचा आहे. दोन एन आणि ई असलेला टन म्हणजे नेमका १००० किलो. टी-ओ-एन अमेरिकेत २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो. जुन्या ब्रिटिश मापात तोच २२४० पौंडांचा, सुमारे १०१६ किलो. करारात 'मेट्रिक टन' लिहा आणि शेजारी किलोत आकडा द्या.

दोन एल, एक एल

'ट्रॅव्हल', 'कॅन्सल', 'लेबल' यांना ईडी-आयएनजी लागताना ब्रिटिश एल दुप्पट करतात, अमेरिकन करत नाहीत. 'कंट्रोल' आणि 'कंपेल'मध्ये जोर शेवटच्या अक्षरसमूहावर असल्याने दोघेही दुप्पट करतात. मूळ रूपात मात्र चित्र उलटं: 'एन्रोल', 'फुलफिल', 'इन्स्टॉलमेंट' आणि 'स्किलफुल' हे ब्रिटिशमध्ये एका एलने, अमेरिकनमध्ये दोन. आधारच्या २०१६च्या विनियमांत 'एन्रोलमेंट' एका एलने आहे. कर्जाच्या हप्त्यातलं 'इन्स्टॉलमेंट' एका एलने, पण 'इन्स्टॉलेशन' सगळीकडे दोन.

ज्यांना हात लावायचा नाही

विशेषनामं आहेत तशी राहतात. मुंबईच्या एनसीपीएच्या, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या, नावातलं 'सेंटर' आर-ईने, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं ई-आरने. पर्ल हार्बरमध्ये यू घालू नये. ऑस्ट्रेलियात एरवी 'लेबर' यूने लिहितात, पण तिथल्या लेबर पक्षाच्या नावात यू नाही. अवतरणं, लेखांची शीर्षकं, वेब पत्ते आणि संगणकाचा कोड यांनाही हेच लागू. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस कोडमध्ये 'कलर'ला यू घातलात तर रंगच लागणार नाही.

न्यायालयाचं 'जजमेंट' मधल्या ईशिवाय लिहितात ते अमेरिकन म्हणून नव्हे. ब्रिटिश कायद्याच्या भाषेतही तसंच आहे आणि १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही. 'सल्फर'चं एफवालं रूप १९९०पासून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपीएसीने, मान्य केलेलं आहे. संशोधन लेखात ते ब्रिटिश वळणातही चालतं.

वैद्यकीय मजकुरात अडचण शोधताना येते. 'ॲनिमिया', 'हिमोग्लोबिन', 'पीडिॲट्रिक' हे ब्रिटिशमध्ये ए-ईने आणि अमेरिकनमध्ये नुसत्या ईने. जुन्या अहवालांत शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबलात तर अर्धे कागद सापडत नाहीत. दोन्ही रूपांनी वेगवेगळा शोध घ्या. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या भारतीय संस्थेच्या नावात अमेरिकन रूप आहे, ते बदलू नका.

भाषा बदलूनही न सापडणाऱ्या चुका

प्रिन्सिपल हा प्राचार्य ए-एलने आणि तत्त्व एल-ईने. स्टेशनरी म्हणजे कागद-पेन ई-आर-वायने, आणि जागच्या जागी उभं असलेलं ए-आर-वायने. अफेक्ट-इफेक्ट, कॉम्प्लिमेंटचे ई आणि आयवाले दोन शब्द, एका ओचा 'लूझ' आणि दोन ओंचा 'लूस': या चुका दोन्ही वळणांत चुकाच आहेत आणि सगळे शब्द कोशात असल्यामुळे स्पेलिंगची लाल रेघ त्यांना सोडून देते. आपल्या हातून नेहमी होणाऱ्या अशा आठ-दहा शब्दांची यादी करून फाइल पाठवण्यापूर्वी फाइंडने एकेक बघावा. पाच मिनिटांचं काम आहे.

अमेरिकेतल्या ग्राहकाला तीच फाइल द्यायची असेल तर आधी प्रत काढा, त्या प्रतीची भाषा वर सांगितल्याप्रमाणे 'युनायटेड स्टेट्स' करा आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' या वेळी दाबू नका. लाल रेघांवरून यू, आर-ई आणि दोन एल सापडतील. झेडचा शोध उलट्या दिशेने घ्या आणि 'प्रॅक्टिस', 'स्टोरी', 'चेक' हाताने बघा. छापील प्रत लागणार असेल तर कागदाचा आकारही लेआउटमध्ये बदला: आपला ए-४ हा २१० बाय २९७ मिलिमीटर, त्यांचा लेटर सुमारे २१६ बाय २७९. उंची कमी झाल्याने पानं सरकतात, तेव्हा अनुक्रमणिका त्यानंतरच अपडेट करा.